फळीवरची चारशे बारावी ओळ

१७, चॅपल टेरेस,
हेगथॉर्प, यॉर्कशर
रविवार, १२ फेब्रुवारी १९७८

चि. नेव्हिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र जानेवारी निम्मा उलटल्यावर हाती पडलं. समुद्रावर उघड्या अंगाने टर्की कापतानाचा तुझा फोटो मी आरशाच्या चौकटीत खोचलाय. शेजारच्या मिसेस ऑल्ड्रॉयड रोज येऊन बघतात आणि म्हणतात, हा माणूस कधीकाळी रग्बीच्या मैदानात विंगेवर, कडेच्या जागेवर, धावत होता यावर कोण विश्वास ठेवील! मी म्हटलं, धावायचे ते पाय, पोट मागाहून आलं. इकडे दहा दिवस नळ गोठलेत. सकाळी उठून केटलीतलं कढत पाणी ओतल्याशिवाय मोरी सुटत नाही.

सेथचं तसंच चाललंय. खाणीची धूळ एकदा छातीत बसली की माणसाबरोबरच जाते, असं डॉक्टर तोंडावर सांगून गेला. जिना चढवत नाही म्हणून त्यांची खाट खाली शेगडीजवळ आणली. दिवसभर खिडकीतून क्ले लेनच्या मैदानावरचे दिव्यांचे खांब बघत असतात. जेवण, औषध, अंघोळ सगळं वेळेवर होतं. त्याची काळजी करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. आपल्या रग्बी क्लबाला यंदा शंभर वर्षं होतात. पोस्टातून निवृत्त झालेले मिस्टर डायसन क्लबाचा इतिहास लिहितायत आणि त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं असल्याने टाइप करायचं माझ्या गळ्यात आलंय. लायब्ररीतलं माझं काम आटोपलं की रोज दोन तास त्यांचे खेळाडू आणि त्यांचे सामने बडवत बसते. पुढच्या रांगेत खेळणारा एनॉक बाथ आठवतो? मैदानात उतरण्याआधी वरची-खालची कवळी काढून सेथच्या वेस्टकोटच्या खिशात ठेवायचा. एकदा ती तिथेच राहिली आणि बिचारा सोमवारपर्यंत पेजेवर होता. हर्बर्ट टिंकर बेकरीतून थेट यायचा, त्याने गोलकिक मारली की बुटातून पिठाचा धूर निघायचा म्हणे. छत्तीस साली मैदानावर गुडघाभर बर्फ होतं, तर शंभर खाणकामगार पाळी संपवून फावडी घेऊन आले आणि दोन वाजायच्या आत मैदान काळं करून दिलं. तो सामना आपण हरलो, पण त्यावर डायसननी तीन पानं लिहिलीत. जिंकलेल्यांवर अर्धं. आपल्या गावाची रीतच ती.

या सगळ्यात एक ओळ अडलीय. क्लबाच्या दिवाणखान्यातली फळी तुझ्या डोळ्यांपुढे असेलच. पहिल्या संघातून जो कुणी एकदा जरी खेळला त्याला एक आकडा आणि एक ओळ, सोनेरी अक्षरांत. बारा वर्षं खेळलेल्याला एक ओळ आणि बारा मिनिटं खेळलेल्यालाही एकच. त्यात चारशे बारा आकडा आहे आणि पुढे लाकूड कोरं. एक्कावन्न सालचा कपचा सामना, एल्डनशॉविरुद्ध, पाच-तीन. इतक्या बलाढ्य संघाला आपण एकदाच हरवलं आणि ज्या गड्याने चिखलातून साठ यार्ड पळत चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, त्याचं नाव कुठेच नाही. वर्तमानपत्रात नुसतं 'ट्रायलिस्ट', म्हणजे चाचणीला आलेला गडी. रग्बी युनियनमध्ये फुकट खेळणारा माणूस पैसे घेऊन खेळणाऱ्या आपल्या रग्बी लीगच्या मैदानावर एक पाऊल टाकताना सापडला, तर त्याला जन्मभराची बंदी. म्हणून चाचणीला येणाऱ्याचं नाव क्लब झाकून ठेवायचा आणि करारावर सही झाल्यावरच फळीवर चढवायचा. याची सही झालीच नाही.

तो कोण होता ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि सेथना ठाऊक आहे. ते नाव मी कागदावर लिहिणार नाही. त्याने शेवटच्या पत्रात माझ्याकडून शब्द घेतला होता, की या गावात माझं नाव पुन्हा कुणी घेऊ नये. सत्तावीस वर्षं मी तो पाळलाय. पण आता डायसन म्हणतात, नाव मिळालं नाही तर संध्याकाळच्या पेपरात मोठ्या अक्षरात छापून गावाला विचारणार. म्हणजे जुनं सगळं उकरलं जाणार.

नेव्ह, त्या दिवशीच्या यादीत राखीव म्हणून तुझंच नाव आहे. डायसनना आपोआप वाटतंय की तो तूच असशील. मी हो म्हणून मोकळी होते. खोटं आहे, कळतं मला. पण त्या शनिवारी विंगेवर तुझीच जागा होती. पहिल्या संघातला तुझा तो पहिला सामना व्हायचा होता आणि सकाळी अकरा वाजता तुला बाजूला सारलं. त्यानंतर गुडघा गेला आणि तुझं खेळणंच संपलं. ज्याची ओळ त्याला ती नको आहे. मग ती माझ्या भावाला मिळाली तर कुणाचं काय जातं? त्या वसंतात मी खोलीचं दार लावून बसायचे तेव्हा बाहेर जिन्यावर तू बसून राहायचास, हे मी विसरलेले नाही. घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

उत्तर लवकर धाड. मार्गारेटला आणि मुलांना आशीर्वाद. आहे तशी माया ठेव.

तुझी
हिल्डा

&nbsp;

वुलनगाँग, ऑस्ट्रेलिया
शुक्रवार, २४ फेब्रुवारी १९७८

ती. हिल्डाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. आज तारीख पाहिलीस का? चोवीस फेब्रुवारी. एक्कावन्नचा तो शनिवार हाच. इथे घामाने कागद हाताला चिकटतोय आणि माझ्या नाकात मात्र क्ले लेनचा चिखल आणि पायांना चोळायच्या तेलाचा वास भरलाय. पोलादाच्या भट्टीपुढे वीस वर्षं काढली तरी तो जात नाही.

मिसेस ऑल्ड्रॉयडना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पोट हे समृद्धीचं लक्षण आहे, तुमच्या नवऱ्याला नव्हतं त्याला मी काय करू. एनॉकच्या कवळीचं वाचून मार्गारेट हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. डायसननी रेग स्टॅन्सफील्डचं लिहिलंय ना, गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना हात शर्टात खोचून उत्तरार्धभर खेळला तो? नसेल तर सांग त्यांना. डॅडनेच तो हात बांधला होता. बादली आणि स्पंज घेऊन मैदानात धावणारा माणूस कुणाला दिसत नाही, पण अर्धे सामने त्याच्या बादलीनेच जिंकले.

आणि हे बघ, तू अजून डॅडना सेथ म्हणतेस! पत्र वाचताना दर वेळी वाटतं, घरात कुणी भाडेकरू ठेवलाय. इतकी वर्षं झाली. थकले आता ते. सोड की.

फळीचं म्हणशील तर मी तीन दिवस नुसता विचार करतोय. पहिल्या दिवशी नको म्हणून लिहिलं आणि फाडलं. काल माझा केव्हिन मुलांच्या संघातून खेळून आला, दोन्ही गुडघे सोललेले. विचारायला लागला की डॅड, तू तिकडे मोठ्या संघातून कधी खेळलास का. मी काहीतरी पुटपुटलो. लहानपणी त्या फळीपुढे मान वर करून मी किती वेळा उभा राहिलोय ते तुला माहीत आहे. एकच ओळ हवी होती ग मला.

तू स्वतः देतेस तर घाल. डॅडना मात्र आधी सांगू नकोस, उगीच छातीला त्रास. छापून आलं की बघतील.

माझ्याकडून तुझ्या पाया पडणं. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
नेव्ह

&nbsp;

हेगथॉर्प
बुधवार, ८ मार्च १९७८

चि. नेव्हिल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. डायसनना मी सांगितलं आणि त्यांनी डोळे पुसले. रडके आहेत ते, स्क्रमच्या ढकलाढकलीवर लिहितानाही रडतात. पान मी काल टाइप केलं. चारशे बारा, एन. लॉकवुड. रंगारी ईस्टरच्या आठवड्यात येऊन फळीवर चढवील आणि ईस्टर सोमवारच्या सामन्याला गावापुढे पडदा सरेल. स्टॅन्सफील्डचा हात होताच पुस्तकात, पण बांधला कुणी ते नव्हतं. तू म्हणालास म्हणून घातलं.

सेथना सांगायचं नव्हतं, पण डायसन म्हणजे गावचा भोंगा. रविवारी प्रार्थनेनंतर अभिनंदन करायला म्हणून घरी आले आणि खाटेजवळ बसून म्हणाले, काय हे सेथ, घरातच हिरा आणि एवढी वर्षं गप्प! सेथच्या हातातला चहा सगळा गोधडीवर. डायसन गेल्यावर मला म्हणाले की हे नाव लगेच काढून टाक. मी म्हटलं, तुम्हाला बोलायचा काय अधिकार? बोलायचं नव्हतं तेव्हा बोललात, आता गप्प बसा.

तुला वाटेल मी कठोर आहे. नेव्ह, त्या दिवशी सामन्यानंतर या स्वयंपाकघरात तिघंच होतो. ग्विलिम खुर्चीवर (लिहिलं शेवटी नाव, आता राहू दे), सेथ सुई-दोरा घेऊन आणि मी दिवा धरून. डाव्या भुवईवर सात टाके घातले आणि वर पट्टी चिकटवली. तो शिकवायचा त्या शाळेत सांगायचं ठरलं, दारावर आपटलो. तीन आठवड्यांनी युनियनच्या कमिटीने त्याला बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पट्टीखाली सात टाके कशाचे? सात. आकड्यासकट. तो खोटं बोलला नाही. जन्मभराची बंदी झाली आणि युनियनच खेळणाऱ्या त्या शाळेने त्याला ईस्टरला निरोप दिला. आमचं लग्न जूनमध्ये व्हायचं होतं. मी सेथना विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले की बातमी या घरातूनच गेली, पुढे विचारू नकोस. क्लबाच्या बारमध्ये चार घोट पोटात गेले की बढाई मारल्याशिवाय कुणाला राहवतं? मी पुढे विचारलं नाही. डॅड म्हणून हाकही मारली नाही.

काल त्यांनी कागद आणि पेन मागितलं. तासभर लिहीत होते, मध्ये खोकत. पाकीट स्वतः चिकटवून मिसेस ऑल्ड्रॉयडच्या हाती दिलं, माझ्या नाही. तुझ्याच नावाचं आहे. काय लिहिलंय देव जाणे. मनाला लावून घेऊ नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी
हिल्डा

&nbsp;

हेगथॉर्प
मंगळवार, ७ मार्च

नेव्हिल,
आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. समजून वाच.

तू मागच्या मोरीच्या दारात उभा होतास. मी सुईतून दोरा ओवायला मान वर केली तेव्हा तू दिसलास. मी टाका घालत होतो आणि तुझे ओठ हलत होते. मोजत होतास. मग दार लोटून गेलास. मला तेव्हा वाटलं, पोराची जागा गेलीय, रागावलाय, येईल ठिकाणावर.

कमिटीने सात म्हटलं तेव्हा मला कळलं. तुला मी काही बोललो नाही. बोटीचं तिकीट मिळायची खटपट केली, एवढंच. हिल्डाने विचारलं तेव्हा म्हटलं, या घरातूनच गेली. खरं तेच सांगितलं. तिने माझं नाव लावलं, मी लावू दिलं. तुझी आई नव्हती. तिला तू एकच. बाप काय आज आहे उद्या नाही, भाऊ जास्त वर्षं पुरतो असं मला वाटलं. मी काही संत नाही. कितीदा जिभेवर आलं होतं. जेवायला वाढून ती तोंड फिरवून बसते तेव्हा घास उतरत नाही.

पण फळीवर नाही. ते मी होऊ देणार नाही. मी त्या फळीवरच्या दोनशे माणसांच्या जखमा धुतल्यात. कुणाची कवळी सांभाळली, कुणाचं बोट जागेवर बसवलं. त्यातला एकही खोटा नाही. त्या पोराने सामना जिंकला आणि तू त्याला विकलंस. आता त्याची ओळही घेतोस?

मी तिला सांगणार नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा मरताना सुटायला बघतोय. तू सांग. माझ्याकडे फार दिवस नाहीत. एकदा तिच्या तोंडून हाक ऐकायची आहे.

मुलांना पापे.

तुझा बाप
सेथ लॉकवुड

&nbsp;

वुलनगाँग
बुधवार, २२ मार्च १९७८

ती. हिल्डाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय ठेवू नकोस एवढीच विनंती.

मी होतो ताई. डॅड नव्हते. मी.

अकरा वाजता क्लबाच्या सेक्रेटरीने मला सांगितलं की आज तू बसशील, चाचणीला एक गडी आलाय. आईची अंगठी विकून घेतलेले नवे बूट माझ्या पायात होते. राखीव म्हणून रेषेबाहेर उभा राहिलो. त्याने तोंडाला चिखल फासला होता, पण तो वळताना डावा खांदा खाली घालायचा, ते मला शाळेच्या मैदानावरून माहीत होतं. तुला घ्यायला यायचा तेव्हा मी त्याच्या मागे मागे पळायला शिकलो होतो. तो मला आवडायचा ग. तेच जास्त लागलं. त्याने चेंडू टेकवला तेव्हा सात हजार माणसं ओरडली आणि मीही ओरडलो, आणि ओरडता ओरडता वाटलं की हे सगळं माझं होतं.

संध्याकाळी मागच्या दाराने आलो. तू दिवा धरला होतास. त्याने तुझ्या एप्रनची कड घट्ट धरली होती आणि तू त्याला वेडं म्हणत होतीस. मी टाके मोजले. का मोजले ते आजही सांगता येत नाही. तीन दिवसांनी वर्तमानपत्रातलं कात्रण घेतलं, 'ट्रायलिस्ट' या शब्दावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं, समासात सात टाके, डावी भुवई, आणि युनियनच्या कमिटीला टाकलं. सही केली नाही. मला वाटलं त्याला फक्त आमच्या मैदानावरून हाकलतील आणि पुढच्या शनिवारी माझी जागा मला मिळेल. शाळेचं, लग्नाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्ख होतो म्हणून सुटका नाही, हे कळतं.

पुढच्या शनिवारी मी खेळलोही नाही. राखीव संघात गुडघा गेला. जिन्यावर तुझ्या दाराबाहेर बसायचो तो तुझी सोबत करायला नाही. आत येऊन सांगायचं धैर्य गोळा करत बसायचो. ते झालं नाही आणि तू समजलीस की भावाला माझी माया आहे. होतीच, पण ती अशी.

डॅडचं पत्र मला सतरा तारखेला, शुक्रवारी मिळालं. पाच दिवस खिशात घेऊन फिरलो. दोनदा पोस्टात फोन लावायला गेलो. मिसेस ऑल्ड्रॉयडच्या दिवाणखान्यात तू फोन घेऊन उभी असशील आणि त्या कान देऊन बसतील, म्हणून परत आलो. हे कारण खोटं आहे हेही लिहून टाकतो. मला भीती वाटली.

माझं नाव काढून टाक. त्याचं घाल. आणि हे पत्र मिळाल्याबरोबर शेगडीजवळ जा आणि त्यांना हाक मार. मला क्षमा कर असं मी म्हणणार नाही. हाक तेवढी मार.

नेव्हिल

&nbsp;

हेगथॉर्प
रविवार, ९ एप्रिल १९७८

नेव्हिल यास,
वि. वि.

तार तुला मिळालीच असेल. तारेत सगळं मावत नाही म्हणून लिहिते.

डॅड ईस्टर सोमवारी सकाळी साडेअकराला गेले. तुझं पत्र शुक्रवारी, एकतीस तारखेला आलं. त्या दिवशी त्यांना नेलं. दारात माणसं टोप्या काढून उभी होती आणि पोस्टमन त्यांच्यामधून वाट काढत आला. वाईट वाटल्यासारखं तोंड करून पाकीट माझ्या हाती दिलं. मी ते हातमोज्यासकट पर्समध्ये ठेवलं आणि चॅपलला गेले. स्टॅन्सफील्डने, तोच मोडक्या हाडाचा, आता सत्तरीचा झालाय, शवपेटीला खांदा दिला. डॅडची बादली कुणीतरी क्लबातून आणून पुढे ठेवली होती. ती बघून मी मनात म्हटलं, बादलीला एवढा मान, माझ्या आयुष्याचं काय ते कुणी विचारत नाही. हे मी त्यांच्या शवपेटीपुढे बसून म्हटलं. घरी येऊन तुझं पत्र उघडलं.

तुझ्याकडे पाच दिवस होते. शुक्रवारी पत्र मिळालं त्याच दिवशी लिहिलं असतंस तर शनिवारी, पंचवीसला इथे असतं. मी मनात पुन:पुन्हा तारखा लावून बघितल्या. दर वेळी शनिवारच येतो.

शेवटचे दहा दिवस ते रोज एकच विचारायचे. पोस्टमन दारावरून गेला की डोळे उघडून विचारायचे, ऑस्ट्रेलियाचं आलं का? मी म्हणायचे, नाही आलं, सेथ. मला वाटायचं मुलाची आठवण येतेय. एकदा तर मी फटकारलं की नेव्हने काय रोज पत्र लिहायचं का? सोमवारी क्ले लेनवर गर्दी जमायला लागली होती, बँड वाजत होता. त्यांनी विचारलं, आलं का? मी म्हटलं, आज सुट्टी आहे, सेथ, आज टपाल नसतं. त्यांनी मान हलवली. माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते एवढंच. टपाल नसतं.

तू हाक मार म्हणालास म्हणून सांगते. त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर मी शेगडीजवळच्या त्या रिकाम्या खाटेपाशी उभी राहिले आणि मारली. तीनदा मारली. मिसेस ऑल्ड्रॉयडना भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार, कारण त्या धावत आल्या. मी त्यांना सांगितलं, काही नाही, केटलीवर हात भाजला.

दुसऱ्या दिवशी डायसनकडे गेले आणि सगळं सांगितलं. ग्विलिम प्रॉसरला दिलेला शब्द मी मोडला. शब्द पाळून या घरात कुणाचं भलं झालं? डायसन या वेळी रडले नाहीत. त्यांनी त्याच्या मुलखात, वेल्समध्ये पत्रं टाकली आणि ग्विलिमच्या भावाचं उत्तर परवा आलं. सहा वर्षांपूर्वी वारला. लग्न केलं नव्हतं. मैदानाकडे कधी फिरकला नाही आणि भुवईवरच्या व्रणाचं कुणी विचारलं तर म्हणायचा, दारावर आपटलो. डॅडनी आणि मी इथे बसून शिकवलेलं उत्तर त्याने मरेपर्यंत दिलं.

डॅड गेल्यामुळे सोमवारी पडदा सरला नाही, पण रंगाऱ्याने तुझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. मी काल त्याला बोलावलं आणि शेजारी उभं राहून ते खरवडून घेतलं. त्यावर जी. प्रॉसर लिहून झालंय. पुस्तकाचं ते पानही मी नव्याने टाइप केलं. डॅडचं नाव फळीवर येत नाही, ते खेळाडू नव्हते. त्यांच्याबद्दल डायसन वेगळं पान घालतायत आणि त्याचा मजकूर मीच लिहायचा आहे. चार दिवस कोरा कागद यंत्रात अडकवून बसलेय.

एक राहिलं. तुझ्या नावाचा सोनेरी रंग लाकडात मुरलाय. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून उजेड तिरपा येतो तेव्हा ग्विलिमच्या नावाखालून तुझं दिसतं. रंगारी म्हणाला, फळी घासून पुन्हा पॉलिश करून देतो, मागमूस राहणार नाही. मी नको म्हटलं. जे झालं ते तसंच दिसू दे.

पत्राच्या शेवटी माया मागायची असते. आज ती मला मागवत नाही आणि तुला देववतही नाही. तू लिहीत जा. मी पोस्टमनची वाट बघेन, आता घरात तेवढंच काम उरलंय. उत्तर येईल की नाही, ते सांगत नाही.

हिल्डा